पाटे काढून ‘मऊ’ केलेली पिकअप

कमानीचं, म्हणजे चाकांवर एकावर एक पोलादी पाटे रचून केलेल्या स्प्रिंगचं, काम करून गाडी गॅरेजमधून बाहेर निघते तेव्हा ती खरंच मऊ लागते. पाटे काढून गाडी मऊ करून देण्याच्या फसवणुकीची गोम त्यातच आहे. मालक रिकामी गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून बघतो, स्पीडब्रेकरवर कंबरेला दणका बसत नाही, खुशीत पैसे मोजतो. मग टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला निघाला की मागचा एक्सल खड्ड्याखड्ड्याला बंप स्टॉपवर, म्हणजे चॅसीखालच्या रबरी ठोकळ्यावर, आदळायला लागतो. तोवर बिल कुठे ठेवलं ते आठवत नसतं. सापडलं तरी त्यावर एवढंच असतं: ‘सस्पेन्शन काम, एकूण’.

केलेलं असतं ते असं. मागच्या सात पाट्यांच्या कमानीतले मधले दोन पाटे काढायचे, उरलेल्या पाच पाट्यांना काळा रंग मारायचा आणि ‘कम्फर्ट सेटिंग’ म्हणून पैसे लावायचे. पाटे सारख्या जाडीचे असतील तर तेवढ्याच वजनाला उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण ४० टक्क्यांनी वाढतो. कमान बसते, आणि मग एखादा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी तडकतो, कारण तिथेच तो सगळ्यात कमजोर असतो. काढलेले पाटे मालकाला कुणी देत नाही. ७० मिमी रुंद, ८ मिमी जाड, मीटरभर लांबीचा एक पाटा जवळपास साडेचार किलो भरतो. दोन्ही बाजूंचे चार पाटे म्हणजे १७-१८ किलो स्प्रिंगचं पोलाद, तेही तुमच्याच पैशाने उतरवलेलं.

यातला खरा धोका यू-बोल्टचा, म्हणजे कमान एक्सलला आवळून धरणाऱ्या बोल्टचा. दोन पाटे गेले की कमानीची जाडी १६ मिमीने कमी होते. जुनेच यू-बोल्ट वापरले तर नट आटे संपेपर्यंत फिरतो आणि तिथे अडतो. पान्याला घट्ट लागतं, पण कमान आवळलेलीच नसते. मग पाटे सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि एक्सल एका बाजूने मागे जातो. मागून बघितल्यावर गाडी तिरकी धावताना दिसली तर आधी हे तपासा. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजन बघून ब्रेकचा जोर ठरवणारा) असतो, तिथे उंची बदलली की व्हॉल्व्हची दांडीही हलते. गाडी खाली बसली म्हणजे वजन आहे, असं व्हॉल्व्ह समजतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं लवकर लॉक होतात.

दुसरी तऱ्हा गॅस कटरची. बसलेली कमान लालभडक तापवून वाकवायची, की लगेच उंच दिसते. पण पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठपणा, तिथेच उतरलं. पुन्हा पाणी द्यायचं तर भट्टीत साडेआठशे अंशांच्या वर तापवून तेलात बुडवावं लागतं, मग ठिसूळपणा घालवायला चार-पाचशे अंशांवर पुन्हा तापवणं, म्हणजे टेंपरिंग. रस्त्याकडेला हे होत नाही. थंड पाटा हातोड्याने किंवा प्रेसवर ठोकून कमान देणारे जुने कारागीर अजून आहेत, ते काम चालतं.

तिसरी शॉकअपची, म्हणजे गाडीचे हेलकावे थांबवणाऱ्या तेलाच्या नळकांड्याची. ‘बघा, तेल गळतंय’ म्हणून दाखवलेल्या शॉकअपवर बोट फिरवा. खरी गळती जुनी असते, तेलावर धूळ बसून सीलपासून खाली काळा चिकट थर जमलेला असतो. चकचकीत ओलं तेल आणि खाली कोरडी धूळ असेल तर ते बाटलीतलं. सीलपाशी नुसती हलकी ओल असणं दोष नव्हे. नवा म्हणून जुनाच रंगवून लावतात, म्हणून रॉड बघा: त्यावर गंजाचे ठिपके किंवा उभे ओरखडे नकोत, सीलच्या रबरावर रंगाचे शिंतोडे नकोत. बंपरवर उभं राहून गाडी हलवून दाखवणं हा निव्वळ तमाशा. पाट्यांतलं घर्षणच गाडीचं हलणं थांबवतं, मेलेला शॉकअपही त्यात पास होतो. खालचा बोल्ट काढून शॉकअप हाताने सावकाश ओढा आणि दाबा. मधेच मोकळा सुटला तर गेला.

आता गाडी मुळात कडक का झाली? बहुतेक वेळा कारण फुकटातलं असतं: रिकाम्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा. दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीने दिलेला आकडा बघा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे. त्यानंतर पाट्यांमधला गंज. पाटे एकमेकांवर सरकलेच नाहीत तर कमान एकसंध पट्टीसारखी वागते आणि बारीक खड्डा थेट चॅसीला लागतो. शॅकलची (कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या कडीची) पिन जाम असेल तरी तेच.

पाटे साफ करायचं काम असं करून घ्यावं. गाडी चॅसीखाली स्टँडवर, एक्सलला वेगळा जॅक. सेंटर बोल्ट काढण्याआधी कमान जी-क्लॅम्पने आवळलेली हवीच, नाहीतर पाटे उसळून हात फोडतात. पाटे तारेच्या ब्रशने साफ, तडे तपासून ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात, टोकांचे लायनर झिजले असतील तर नवे. जळकं ऑइल फासू देऊ नका. त्यावर धूळ बसते आणि रबरी बुश फुगून खराब होतात. यू-बोल्ट आणि नट नवे, आवळायचे आलटून-पालटून तिरके. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी लटकत असताना आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं, तोही कडकपणाच. काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे.

गाडी गॅरेजला लावण्याआधी मोबाइलवर दोन्ही कमानींचे फोटो काढा, पाटे मोजता येतील असे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर आणि एक्सल ते बंप स्टॉपची फट टेपने मोजून फोटोतच टिपा, चारही बाजूंची. काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा हे काम सुरू होण्याआधी सांगा. बिलात पार्ट, नग आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला मुदत दोन वर्षांची. धंद्याची गाडी म्हणून समोरचा हात झटकेल. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याने विकत घेतलेला माल मात्र कायदा व्यापारी कारणाचा धरत नाही, त्यामुळे रंगवलेल्या शॉकअपची तक्रार करताना हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा.