शहर बस, आठ महिने: सिडको ते वाळूज

वापर असा: सिडकोहून वाळूज, जालना रोडने, आठवड्यातले सहा दिवस जाऊन-येऊन. सुट्टीला अधूनमधून वेरूळ. छत्रपती संभाजीनगरच्या शहर बसमध्ये एकदा पाय टेकवायला जागा मिळाली की फारशी तक्रार उरत नाही. खरा ताप आहे तो थांब्यावर.

त्यातला सगळ्यात मोठा ताप म्हणजे जोडगाड्या. वीस-पंचवीस मिनिटं एकही गाडी नाही आणि मग एकाच मार्गाच्या दोन एकामागं एक. थांब्यावर लगेच ऐकू येतं, ‘‘दोघं मिळून चहाला थांबले असतील.’’ चहाचा संबंध क्वचितच असतो. पुढची गाडी आकाशवाणीच्या सिग्नलला चार मिनिटं अडकली, की पुढच्या प्रत्येक थांब्यावर चार मिनिटांची जास्तीची माणसं साचतात. त्यांना चढायला वेळ, तिकिटाला वेळ, सुट्ट्यांवरून घासाघीस वेगळीच. गाडी आणखी मागं पडते, म्हणून पुढं गर्दी आणखी वाढते. मागच्या गाडीला मात्र थांबे रिकामे सापडतात आणि ती सुसाट येऊन पुढचीला गाठते. क्रांती चौक येईपर्यंत दोघींमधलं दहा मिनिटांचं अंतर संपलेलं असतं.

म्हणून बराच वेळ वाट पाहिल्यावर जी पहिली येते तिला लोंबकळायचं नाही. मागं दुसरी दिसते का बघायचं. बऱ्याचदा ती पाच मिनिटांत येते आणि तिच्यात बसायला जागा असते. पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही, त्यांची पंचिंगची वेळ थांबत नाही. त्यांनी एक गाडी आधीची धरावी, एवढंच.

दुसरी अडचण उड्डाणपुलांची. सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक, प्रत्येक ठिकाणी थांबा पुलाखालच्या रस्त्याला आणि मोकळा रस्ता वर. गाडी उशिरात असेल आणि आत कुणी उतरणारं नसेल, तर एखादा ड्रायव्हर सरळ पुलावर चढवतो. खाली हात करणारा बघत राहतो. उतरणाऱ्यांनी पूल सुरू व्हायच्या आधीच मास्तरांना, म्हणजे कंडक्टरला, आवाज द्यावा. पुलाच्या तोंडाशी आल्यावर ओरडून गाडी वळत नाही. ‘‘मास्तर, मोंढा नाका खालून घ्या’’ असं एक थांबा आधी म्हणायचं. चढणाऱ्यांनी अशा जागी उभंच राहू नये. पुलाच्या आधीचा किंवा नंतरचा थांबा गाठावा.

थांब्याच्या शेडपुढं रिक्षांची रांग असतेच. त्यामुळे गाडी शेडसमोर कधीच लागत नाही, रांग संपते तिथं लागते. सावली सोडवत नाही हे खरं, पण गाडी दिसली की शेडमधून निघून रांगेच्या पुढच्या टोकाला जायचं आणि तिथून हात करायचा. रिक्षांच्या आडचा हात ड्रायव्हरला दिसत नाही.

मोबाईलवर गाडी कुठं आहे ते दिसतं, पण नकाशावरच्या ठिपक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गाडीतलं यंत्र ठराविक सेकंदांनी आपली जागा कळवतं. इंजिन बंद झालं किंवा नेटवर्क गेलं की ठिपका शेवटच्या जागेवर गोठतो. गाडी नगर नाक्याच्या पुढं गेलेली असते आणि ठिपका बाबा पेट्रोल पंपावर. ओळखायची खूण म्हणजे दोन मिनिटांत ठिपका एकदाही हलला नाही तर ती माहिती शिळी समजा. शेवटच्या थांब्यावर उभी दिसणारी गाडी तर मोजूच नका, ती कधी सुटेल हे ठिपका सांगत नाही. सरकणारा ठिपका मात्र बहुतेक वेळा खरा निघतो.

आता पैशांचं. दहाचं नाणं इकडं अजून लोक नाक मुरडून घेतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय की त्याचे चौदाही नमुने चलनात आहेत, पण सकाळच्या गर्दीत हा वाद घालायची सोय नसते. दहाच्या-वीसच्या नोटा आदल्या रात्रीच खिशात ठेवलेल्या बऱ्या. मोबाईलवरून पैसे देताना एक घोळ नेहमीचा: खात्यातून पैसे कटतात आणि मशीनमधून तिकीट निघत नाही. पुन्हा पैसे मागितले तर मास्तरांवर चिडू नका, त्यांच्या मशीनवर रक्कम आलेली दिसत नसेल तर तिकीट फाडता येत नाही. त्या वेळी रोख द्या आणि व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. २०१९ च्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. नंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तक्रार बँकेकडे किंवा पैसे दिले त्या ॲपमध्ये करायची, बसच्या कार्यालयात नाही. तिथं त्या क्रमांकाचं कुणी काही करू शकत नाही.

तिकिटाचा कागद थर्मल असतो. म्हणजे त्यावर शाई नसतेच, उष्णतेनं कागद काळा होऊन अक्षरं उमटतात. मे महिन्यात शर्टाच्या खिशात किंवा पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात ठेवलं तर दोन-चार दिवसांत अक्षरं फिकी पडतात. तक्रार करायची असेल तर उतरायच्या आत फोटो काढा. सोबत गाडीचा एमएच २० चा पूर्ण नंबर, दिशा, थांबा आणि वेळ लिहा. ‘बस थांबत नाही’ एवढ्यावर कुणी काही शोधू शकत नाही. ‘सकाळी ८:४०, सिडकोकडून येणारी, मोंढा नाका पुलावरून गेली’ असं लिहिलं की ती गाडी आणि त्या दिवसाचा ड्रायव्हर सापडतो.

सकाळच्या पहिल्या गाड्या डेपोतून निघताना दार लवकर बंद होत नाही, तेव्हा लोक बिघाड समजून उतरू लागतात. दार आणि ब्रेक दोन्ही हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर उभ्या गाडीचा दाब उतरलेला असतो आणि इंजिन काही मिनिटं चालल्यावर तो भरतो. फुस्स आवाज येऊन दार मिटलं की गाडी निघाली. दिवसभर दार अर्धवट राहत असेल तर मात्र हवा गळतेय, ते मास्तरांच्या कानावर घालावं.

खिडकीचं गणित थोडं गमतीचं आहे. जालना रोड साधारण पूर्व-पश्चिम. थंडीत सकाळी वाळूजकडे जाताना ऊन डाव्या बाजूला, मे-जूनमध्ये उजवीकडे, कारण तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो. नगर नाक्यानंतर रस्ता वळतो, तिथं हा हिशेब मोडतो.

पास घ्यायच्या आधी भागाकार करा: पासची किंमत भागिले रोजचं दोन्ही वेळचं भाडं. उत्तर तुमच्या महिन्यातल्या कामाच्या दिवसांपेक्षा मोठं आलं तर रोजची वेगळी तिकिटंच स्वस्त. बदनापूर, गंगापूर, पैठणहून येणाऱ्यांना एसटीचा मासिक पास आहे, त्यात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं. मार्च २०२३ पासूनची महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत आणि ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास या एसटीच्या योजना आहेत. शहर बसमध्ये चढून त्यासाठी मास्तरांशी भांडणाऱ्या मावश्या आठवड्याला एकदा तरी दिसतात. बिचाऱ्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेमुळे स्टेशनकडची वाहतूक वळवतात. त्या नऊ दिवसांत नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्तीची धरा.

वेरूळला जाणाऱ्यांसाठी: लेणी मंगळवारी बंद. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी निघते, म्हणून रविवारी तिथं रांग लागते. श्रावणात सोमवारी घृष्णेश्वराची आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीची गर्दी असते. शुक्रवारी रात्रीपासूनच लोक पायी निघतात आणि रस्ता माणसांनी भरून वाहतो. शनिवारी दुपारनंतर निघालेलं बरं. आणि वेरूळला उतरल्या-उतरल्याच मास्तरांना परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. ती चुकली तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ म्हणजे किती माणसं ते तिचा ड्रायव्हर ठरवतो.