छावणी बाजारातले दोन लांब बूट: तपकिरी घ्यावा का काळा?

गुरुवारच्या छावणी बाजारात माझ्या मित्राला गुडघ्यापर्यंतच्या बुटांचे दोन जोड दिसले, एक तपकिरी, एक काळा. विकणारे चाचा दोन्हीला "अंग्रेज के जमाने का है साहब" म्हणायलेत आणि ह्यानं तिथूनच मला व्हिडिओ कॉल लावला की कोणता घेऊ. मी म्हणलं चहा पी, दोन्ही हातातून सोडू नको, मी येतो.

असला माल आपल्याकडं निघणं काही नवल नाही. निजामाच्या हद्दीत इंग्रज अफसरांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट होती, तिची ठाणी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होती, 1903 साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली. पण म्हणून प्रत्येक लांब बूट घोडदळाचा होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात फील्डवरचा साधा सवार घोट्यापर्यंतचे जाड ॲम्युनिशन बूट घालायचा आणि वर पोटरीला पट्ट्या गुंडाळायचा. लांब बूट बहुतेक करून अफसराचा, आणि तो सरकारकडून नाही, स्वतःच्या पैशानं माप देऊन शिवून घेतलेला.

तपकिरी जोडाला घोट्यापुढं नाडी होती, वर गुडघ्याखाली छोटा पट्टा, टाचेच्या मागं स्पर, म्हणजे घोड्याला टोचायचा लोखंडी काटा, टेकायला चामड्याची बारीक पायरी, आत ओढून घालायला कापडी पट्ट्या. हे सगळं खाकी ड्रेसवरच्या अफसरी बुटाशी जुळतं. साइजचा नंबर कुठंच नाही, मापाच्या बुटाला नसतोच बहुतेक. तळवा चामड्याचा, टाचेला लोखंडी नाल. मला सगळ्यात पटलं ते वेगळंच, दोन्ही बुटांची आतली बाजू, म्हणजे घोड्याच्या अंगाला लागणारी, काळपट आणि गुळगुळीत झालेली आणि बाहेरची बाजू तशी बरी. चालून चालून असं झिजत नाही, ते खोगिरावर बसून आणि रिकिबीचा पट्टा घासूनच होतं.

चाचांनी तळव्यावरचा बाणाचा शिक्का दाखवला, तो बघून मात्र मी जरा बिचकलो. बाण हा सरकारी मालाचा शिक्का, हिंदुस्थानातल्या मालावर त्याच्यासोबत इंग्रजी आय अक्षर असायचं, आणि स्वतः शिवून घेतलेल्या बुटावर बाण कशाला येईल? शिवाय तळवा झिजलेला आणि शिक्का कडक नवाकोरा. ठसा काय, कुणीही ठोकतो. बूट खरा, शिक्का नंतरचा, असं माझं मत, आणि शिक्क्याचे जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत.

काळा जोड लांबून जास्त रुबाबदार दिसतो, फोटोत तर तोच भारी. पण पोटरीच्या मागं वरून खालपर्यंत चेन, चेन दिसली की पहिल्या महायुद्धाचं नाव काढायचं नाही. तळवा रबराचा, ह्याच्यावर मी लगेच निकाल देत नाही कारण मोची जुन्या बुटाला नवा तळवा लावून देतो, पण आतलं अस्तर पण रेग्झिनसारखं आणि 42 नंबर छापलेला. माझा अंदाज कानपूरचा माल, तिथं इंग्रजांच्या काळापासून खोगीर, लगाम आणि फौजी चामड्याचे कारखाने आणि आजही घोडेस्वारीचं सामान बाहेर देशी जातं. म्हणजे बूट वाईट नाही, गोष्ट खोटी आहे.

आता घ्यायचा कोणता? मित्रानं माळेगावच्या यात्रेतून घोडी आणलीय, रोज संध्याकाळी फिरवतो, त्याला घालायचाय. तपकिरीवरून बोट फिरवलं तर बोटाला लाल भुकटी लागली, जुनं चामडं आतून असं कुजलं की परत बरं होत नाही, कितीबी पॉलिश घाला, आणि घोट्यावर आडवी भेग पडलेलीच होती, रिकिबीत पाय दाबला की महिनाभरात फाटणार. त्यात दुसऱ्याच्या मापाचा, ह्याची पोटरी अर्ध्यात अडकली. घालायला काळाच, चेनची शिलाई एकदा पक्की करून घ्यायची, बास. जपून ठेवायला तपकिरी, तेही शिक्का सोडून भाव ठरला तर.

चाचा काळ्याचे 2500 आणि तपकिरीचे 6000 म्हणत होते. काळा 1400 ला त्यानं घेतला. तपकिरी 2200 ला मीच उचलला, आत पेपर कोंबून कपाटावर ठेवलाय, आणि आई रोज विचारायलीय की कुण्या मेलेल्या साहेबाचे बूट घरात कशाला आणलेस.