जिम्नॅस्टिक की नाच? नातीसाठी क्लास बघून आलो, त्याचा अहवाल

आमची नात सहा वर्षांची आहे. सोफ्याच्या पाठीवरून उड्या मारते आणि टीव्हीवर गाणं लागलं की कंबर हलवते. त्यामुळे घरात दोन पक्ष पडले. आजीचं म्हणणं नाचाला घाला, मुलाचं म्हणणं जिम्नॅस्टिकला. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला नोकरीला, घरी यायला रात्र होते, म्हणून बघून यायचं काम माझ्याकडे आलं. पिंपरीतल्या एका कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधून रिटायर झालोय. माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, एवढं बघण्यातच नोकरी गेली. सून निघताना म्हणाली, "बाबा, बघून या, पण कुणाच्या गाद्यांना रिजेक्शनचं लेबल लावू नका."

क्लासची नावं मुद्दाम देत नाही. निगडी, आकुर्डी, चिंचवड या पट्ट्यात अशा प्रकारचे क्लास ढिगाने आहेत, तुमच्याकडेही असतील. प्रकार ओळखता आला की झालं.

सुरुवात चकाचक जागेपासून करतो. कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांचं जिम. एसी, रंगीत फोमचे ठोकळे, काचेपलीकडे पालकांसाठी खुर्च्या आणि कॉफीचं मशीन. गाद्या नव्या, जाड, एकमेकींना वेल्क्रोने पक्क्या जोडलेल्या. मी अंगठ्याने दाबून बघितल्या, फट कुठे सापडली नाही. या बाबतीत पैकीच्या पैकी. पण पाऊण तासात पोरांनी काय केलं? बोगद्यातून रांगली, साबणाचे फुगे फोडले, उतरत्या फोमवरून एकेकदा घरंगळली. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे उत्तम आहे, चार लोकांत मिसळायला शिकेल. सहा वर्षांच्या चळवळ्या पोरीला महिन्याभरात कंटाळा येणार. महिन्याला साडेचार हजार, तेही तीन महिन्यांचे एकदम. काउंटरवरची मुलगी "सर, ऑफर आजच संपतेय" म्हणत होती आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की भरलेली फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. जिथे ऑफर आजच संपते, तिथे मी उद्या जातो. उद्याही ती चालूच होती.

बॉलिवूड डान्सचा क्लास शेजारच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरतो. शिकवणारा मुलगा गुणी आहे, हे आधी सांगतो. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. आमच्या इमारतीतला एक मुलगा पाहुणे आले की आईच्या मागे लपायचा, तो आता सगळ्यांसमोर नाचून दाखवतो, हे श्रेय या क्लासचंच. अडचण वेगळीच आहे. खाली गुळगुळीत टाइल्स, त्यावर साधी सतरंजीही नाही, आणि स्टेप अशी की उडी मारून दोन्ही गुडघ्यांवर धाडकन बसायचं. टीव्हीवरचे नाचणारे तयार असतात, आतून नी-पॅड बांधतात. इथे सहा-सात वर्षांची पोरं उघड्या गुडघ्यांवर आपटत होती. मी विचारलं तर म्हणाला, "काका, लहान मुलांची हाडं लवचीक असतात." असतात बाबा, पण म्हणून आपटायची नसतात.

शिवाय सगळा कारभार गॅदरिंगसाठी. एकच गाणं महिनोन् महिने घोटायचं. ज्यांना पटकन जमतं ती पुढच्या रांगेत, बाकीची मागे हात हलवत उभी. ड्रेसचं भाडं वेगळं, व्हिडिओचे पैसे वेगळे. गाण्याचे शब्द इथे लिहीत नाही, घरी आजीसमोर आमच्या नातीने ते म्हटले तेव्हा माझीच पंचाईत झाली. मजा म्हणून सुट्टीत एक महिना घालायला हरकत नाही. त्यापुढे नाही.

कथकच्या ताईंकडे मात्र मी ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बसलो. जुन्या बंगल्याची पुढची खोली, शहाबादी फरशी, भिंतीला टेकवलेला तानपुरा आणि टेबलावर लेहरा, म्हणजे ताल धरायला सतत फिरणारी धून, वाजवणारा फोन. कुर्त्यावर ओढण्या कमरेला घट्ट बांधलेल्या दहा-बारा मुली. आधी भूमीला नमस्कार, मग ततकार, म्हणजे बोल म्हणत तालात पाय आपटणं. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्.' ऐकायला सोपं वाटतं. पण पायाकडे बघा. उजवा, डावा, उजवा, डावा, आणि पाचव्या मात्रेला, म्हणजे ठोक्याला, पुन्हा डावाच. नवीन मूल नेमकं इथे चुकतं, कारण आपल्या अंगाला एकाआड एक पायाची सवय. पाठीमागची एक चिमुरडी प्रत्येक 'आ'ला उजवा पाय टाकायची आणि मग पुढचं सगळं उलटं व्हायचं. ताईंनी तिला रागावलं नाही, पाय थांबवायला लावले आणि नुसते बोल हातावर टाळी देऊन म्हणायला लावले. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्याला टाळी, नवव्याला 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा. हाताला कळलं की पायाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. दोन आवर्तनांनंतर पोरीचा पाय बरोबर पडला. शिकवणं म्हणतात ते हे.

घुंगरू एवढ्यात नाहीत. आधी तळव्याचा आवाज स्वच्छ आला पाहिजे, मग घुंगरू. परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या. ताई त्याचीही घाई करत नाहीत. पुण्याकडे कथकला जुनं बळ आहे, रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली आणि शिकवण्याची एक शिस्त घालून दिली. आमच्या ताईही त्याच शिस्तीत वाढलेल्या. फी महिना बाराशे.

एकच खटकलं, आणि ते मी तोंडावर सांगितलं: फरशी. दगडावर तासभर पाय आपटले तर नडगीला त्रास होतो. ताई म्हणाल्या, म्हणूनच लहान बॅच अर्ध्या तासावर बसवते, बोल म्हणून घेते. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. "आजोबा, हिला आत्ता नका आणू. सात पूर्ण होऊ द्या. आत्ता ही एका जागी उभी राहणार नाही, मला तिला दाबावं लागेल आणि तिला नाचाचा कंटाळा येईल." घरी चालून आलेली फी परत पाठवणारी माणसं कमीच.

आता जिम्नॅस्टिक. पहिली एक जागा बघितली तिथून मी दहा मिनिटांत उठलो. भिंतीशी पाय फाकवून बसवलेली मुलगी रडत होती आणि सर तिचे गुडघे वरून दाबत होते. स्प्लिट असा येत नाही. तो रोज थोडा-थोडा, अंग गरम झाल्यावर, स्वतःच्या वजनाने उतरतो. मूल रडत असताना वरून जोर देणारा कुणीही असो, पदकं कितीही भिंतीवर असोत, तिथून मुलाचा हात धरून बाहेर पडा.

दुसरी जागा म्हणजे जुनी व्यायामशाळा. पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात मल्लखांब, त्याला चोळलेल्या एरंडेलाचा वास दारापर्यंत. मल्लखांब म्हणजे आपल्याच मातीतलं जिम्नॅस्टिक, पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवा जन्म दिला. इथे मुली दोरीचा मल्लखांबही करतात. जिम्नॅस्टिकचे सर पन्नाशीचे, सोबत एक मॅडम. मॅडम आहेत का हे मी आधी बघतो, कारण या खेळात मुलाच्या कमरेला, मानेला, मांडीला हात लावून आधार द्यावाच लागतो. तेव्हा दार उघडं हवं, पालकांना बसायला परवानगी हवी आणि मुलींना आधार द्यायला बाई हवी. इथे तिन्ही गोष्टी होत्या. "पालकांनी बाहेर थांबा, मुलांचं लक्ष जातं" असं कुणी म्हणालं तर मी त्या क्लासला दुसरी संधी देत नाही.

कोलांटी कशी शिकवतात ते सांगतो, त्यावरूनच क्लासची परीक्षा होते. मॅडमनी प्रत्येक मुलाच्या हनुवटीखाली एक घडी केलेला रुमाल दिला. रुमाल पडू न देता कोलांटी मारायची. म्हणजे हनुवटी आपोआप छातीला चिकटते, मान आत वळते आणि भार डोक्याच्या टाळूवर न येता खांद्यांच्या मागच्या बाजूवर येतो. मॅडमचा एक हात मानेमागे, दुसरा मांडीखाली. आमच्या नातीचा रुमाल पडला, पुन्हा पडला, मग राहिला, आणि ती उठून उभी राहिली ती हात वर करूनच. हे कुणी शिकवलं नव्हतं, ऑलिंपिकच्या व्हिडिओत बघितलं होतं.

त्याआधी पडायला शिकवलं. उडीनंतर गुडघे वाकवून उतरायचं, तोल मागे गेला तर हात मागे टेकायचा नाही, पाठ गोल करून लोळायचं. मनगटं मोडतात ती मागे टेकलेल्या हातामुळे. मुलांची सायकलवरून, जिन्यावरून पडझड होतेच, त्यामुळे नुसत्या याच शिक्षणाची फी मी खुशीने देईन. बीम म्हणजे तोल साधत चालायची अरुंद पट्टी, तीसुद्धा आधी जमिनीवर रंगवलेली रेघ, मग जमिनीवरच ठेवलेली लाकडी पट्टी. स्पर्धेतला बीम पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतो. खिशात टेप असतेच, मोजली. त्यांची पट्टी बरोब्बर दहा.

दोष आहेत. गाद्यांचे कव्हर फाटलेत. दोन गाद्यांच्या मध्ये तीन बोटांची फट होती, त्यात लहान पाऊल अडकून मुरगळू शकतं. सरांना दाखवली, त्यांनी तिथल्या तिथे पोरांकरवी गाद्या सरकवून घेतल्या, पण ती फट उद्या पुन्हा पडणार. एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. मुलींच्या टॉयलेटला आतून कडी नाही, सून ऐकून नाराज झाली, आणि तिचं बरोबर आहे. पण एक गोष्ट मला फार आवडली. पोरं रांगेत उभी नव्हती. सरांनी चार गट केले होते, एक कोलांटीला, एक पट्टीवर, एक बारला लोंबकळत, एक दोरीवर उड्या मारत, आणि शिट्टी झाली की जागा बदलायची. बऱ्याच क्लासमध्ये वीस मुलं एका गादीसमोर उभी असतात. तिथे तासातली खरी हालचाल मोजाल तर जेमतेम पाच-सात मिनिटं भरेल, बाकी सगळी फी उभं राहण्याची. क्लास जिम्नॅस्टिकचा असो की नाचाचा, आधी घड्याळ लावून हे बघा. माझा निर्णय निम्मा इथेच झाला.

उरलेले आक्षेप घरातून आले. आजी म्हणाली, "जिम्नॅस्टिकने मुलींची उंची खुंटते." आठवड्यातून तीन तास उड्या मारून कुणाची उंची खुंटत नाही. ठेंगण्या अंगाला हवेत गिरक्या सोप्या जातात, म्हणून टीव्हीवर पोचलेल्या खेळाडू ठेंगण्या दिसतात. माझ्या मेहुण्यांनी नातीचे ओले पाय फरशीवर उमटलेले बघून जाहीर केलं की हिचे तळवे सपाट आहेत, हिला खेळ जमणार नाही. एक तर या वयात बऱ्याच मुलांचे तळवे सपाटच दिसतात. दुसरं म्हणजे आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे तळवे सपाटच होते. ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीत, चौथी आली, १५.०६६ गुण, कांस्यपदक १५.२१६ ला गेलं. मेहुणे त्यानंतर चहा पिऊन गेले.

सुनेने विचारलं, "बाबा, दोन्ही एकत्र असं काही नाही का?" आहे, रिदमिक जिम्नॅस्टिक. रिबन, चेंडू, हूप, क्लब्ज, संगीताच्या तालावर. आपल्या ठाण्याची संयुक्ता काळे त्यातलं राष्ट्रीय पातळीवरचं नाव. पण सीनिअरची रिबन सहा मीटर लांब असते, ती फिरवायला उंच छताचा मोठा हॉल लागतो, आणि आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरात मला असा वर्ग सापडला नाही. ठाणेकरांनी जरूर चौकशी करावी.

तर नातीचं नाव व्यायामशाळेत घातलंय, महिना सहाशे. तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आबा, तिथे उलटं लटकू देतात, तू पण लटक." सात पूर्ण झाली की ताईंकडे कथक, मग दोन्ही चालवायची की एक, ते तिची शाळा आणि तिचे पाय ठरवतील. सरांना मी एकच विचारलं, स्पर्धेचं काय? म्हणाले, "आजोबा, मोठ्या गटात मुलींना आंतरराष्ट्रीय स्पर्धेला सोळावं वर्ष लागतं. मला घाई नाही, तुम्हालाही नको." पाच वर्षांच्या पोरांच्या आईबापांना ऑलिंपिकची स्वप्नं विकणारे एक-दोन भेटले होते, त्यापुढे हे ऐकून बरं वाटलं.

जाणाऱ्यांसाठी: महागडा लिओटार्ड, म्हणजे जिम्नॅस्टिकचा अंगाला चिकटणारा पोशाख, सुरुवातीला लागत नाही, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि शॉर्ट पुरे. सैल फ्रॉक नको, कोलांटीत तोंडावर येतो. मोजे नकोत, घसरतात. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले, बांगड्या-कानातले घरी. जेवण दीड-दोन तास आधी. पाच वाजताची बॅच घ्या, सहाच्या बॅचला गर्दी दुप्पट आणि बाहेर गाडी लावायला जागा नाही. आणि टॉयलेटच्या कडीसाठी मी अर्ज दिलाय, पण आणखी चार-पाच पालकांनी दिला तर लवकर बसेल.