जाळीचा दरवाजा: बिजागरीचा, घडीचा की चुंबकाचा?

दुकानात जाळीच्या दरवाजाची चौकशी केली की आधी जाळीचे तुकडे हातात देतात: करडी, काळी, स्टीलची. माझं मत असं, की जाळी नंतर निवडावी. आधी हे बघावं की दार दिवसातून किती वेळा उघडणार, कोण उघडणार, आणि उघडल्यावर आपसूक बंद होणार की नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी सर्वात जास्त. दिवेलागणीला जाळी ओढून घ्यायची आणि दिवसभर उघडी ठेवायची, या सवयीचा त्याच्यापुढे काहीच उपयोग नाही. म्हणून जे दार दिवसभर बंद राहील तेच चांगलं, मग ते दिसायला साधं असलं तरी चालेल.

मुख्य दाराला मी बिजागरीचंच दार सुचवीन. दूधवाला, कुरिअर, शाळेतून धावत येणारी मुलं, एवढी ये-जा दुसरा कुठलाच प्रकार वर्षानुवर्षं सोसत नाही. स्प्रिंगची बिजागरी लावली की ते मागच्या मागे मिटतं, आणि काही बिघडलं तर गल्लीतला सुतार किंवा अ‍ॅल्युमिनियमवाला दुरुस्त करू शकतो. फक्त दोन गोष्टी आग्रहाने करून घ्याव्यात. हँडलच्या उंचीवर एक आडवी पट्टी हवी, म्हणजे लोक जाळीला हात लावून दार ढकलणार नाहीत आणि चौकटही झोल खाणार नाही. आणि खालच्या दीड-दोन फुटांत जाळीऐवजी पत्रा हवा. लाथा, फरशी पुसायचा मॉप, कुत्र्याची नखं, हे सगळं तिथेच लागतं.

अडचण येते ती फ्लॅटमध्ये. मुख्य दार आत उघडतं, सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, आणि तिसऱ्या दाराला जागाच उरत नाही. अशा वेळी नवं दार करण्याच्या भानगडीत न पडता सेफ्टी डोअरच्या गजांना आतून जाळीची चौकट बसवून घ्यावी. खर्च कमी, काम अर्ध्या दिवसाचं. नवं दार बाहेरच्या सामाईक पॅसेजमध्ये उघडणार असेल तर आधी सोसायटीला विचारा. आग लागली तर सगळ्या मजल्याची पळायची वाट तीच असते.

चौकट लाकडी की अ‍ॅल्युमिनियमची? जुन्या घराला लाकूडच शोभतं, हे खरं. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं. एप्रिलमध्ये घट्ट बसवलेलं दार जुलैत अडकतं, मग रंधा मारावा लागतो आणि दिवाळीनंतर तिथेच फट पडते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या. लाकूडच हवं असेल तर मुरलेलं घ्या, चारही कडांना रंग किंवा पॉलिश द्या आणि सगळीकडून थोडी मोकळीक ठेवा.

बाल्कनीचा गाळा रुंद असतो, तिथे बिजागरीचं पान फार मोठं होतं. इथे लोक घडीची जाळी घेतात, ज्याला दुकानदार प्लीटेड म्हणतात. ती बाजूला सरकून गोळा होते, जागा अडवत नाही, आणि खालची पट्टी इतकी बसकी असते की वयस्कर माणसाला किंवा व्हीलचेअरला अडथळा होत नाही. तिचे हे गुण मला मान्य आहेत. पण ती ताणलेल्या दोऱ्यांवर चालते. दोरी तुटली किंवा लहान मुलाने धावत येऊन अंग टेकलं की घड्या विस्कटतात, आणि मग त्याच कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, कारण बाजारातली साधी जाळी तिथे बसत नाही. घड्यांत धूळही साचते. शिवाय ती हातानेच ओढून बंद करावी लागते. घरात मांजर किंवा तीन-चार वर्षांचं मूल असेल तर मी ती घेणार नाही. घरात दोघेच, शांत वावर असेल तर खुशाल घ्या.

बाल्कनीचं सरकतं काचेचं दार नव्यानेच करणार असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हाच तीन ट्रॅकची चौकट मागा: दोन काचेला, एक जाळीला. गाळा अर्धाच उघडेल, पण ही जाळी सर्वात टिकाऊ आणि धुवायला सोपी. दोन ट्रॅकच्या चौकटीत नंतर जाळीचं पान घालायला जागा नसते, म्हणून हा निर्णय ऑर्डर देतानाच घ्यायला हवा.

चुंबकाचा पडदा, म्हणजे चिकटपट्टीने लावायची, मधोमध चुंबकांनी मिटणारी जाळी, भाड्याच्या घरासाठी. हातात कपड्यांची बादली असली तरी पार होता येतं आणि तो मागे आपोआप मिटतो. पण डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही आणि वरच्या मजल्यावर वाऱ्याने चुंबक सुटतात.

आता जाळी. डासांसाठी इंचाला 18 गुणिले 16 तारांच्या विणीची जाळी पुरते. चिलटं त्यातून येतात. त्यांच्यासाठी आणखी बारीक घेतली तर वारा कमी होतो. फायबरग्लास स्वस्त, गंजत नाही, पण उंदीर ती कुरतडतात. तळमजल्यावर स्टीलची घ्यावी. स्टीलमध्ये 304 ग्रेडचं सगळीकडे चालतं, मात्र समुद्राजवळ त्यावरही तांबूस डाग येतात. तिथे 316 मागा. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी किनाऱ्यावर नकोच. विदर्भात कूलर चालवायला हवा बाहेर पडायची वाट लागते, तिथे विरळ जाळीचं दार बारीक जाळीपेक्षा जास्त उपयोगी. कूलरची टाकी मात्र दर आठवड्याला रिकामी करून घासावीच लागते, कारण एडिसची अळी त्याच स्वच्छ पाण्यात वाढते.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंची दोन्ही बाजूंनी. शिवाय कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले नाहीत तर चौकट तिरकी आहे, आणि हे कारागिराला माप देतानाच सांगायला हवं. मुख्य दाराची कडी आणि हँडल किती पुढे येतात तेही बघा, नाहीतर दोन्ही दारं एकमेकांना घासतात. मुख्य दाराच्या बिजागऱ्या ज्या बाजूला, त्याच बाजूला जाळीच्या दाराच्याही हव्यात. सात फुटी दाराला तीन लागतात. खाली उंबरठा नसेल तर ब्रशची पट्टी लावून घ्या. डास नेमके तिथून येतात.

काम झाल्यावर अंधार पडू द्या, आत दिवा लावा आणि बाहेर उभं राहून बघा. कडेने जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे. पैशांचा शेवटचा हप्ता ही तपासणी झाल्यावरच द्या, आणि तसं आधीच बोलून ठेवा.