सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर क्रोमचा गेस्ट मोड: वापराच, पण विंडो बंद करून

पीक विम्याची मुदत जवळ आली की बीड-परभणीकडच्या सेवा केंद्रांत एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर शेतकऱ्यांची कामं चालतात. आधार, पासबुक, सातबारा, सगळं त्याच ब्राउझरमधून जातं. लॉगआउट केलं की मागं काही उरत नाही, हा समज धोक्याचा आहे. लॉगआउटनं लॉगिन संपतं. साइटनं ऑफलाइनसाठी साठवलेली पानं तिनं स्वतः पुसली नाहीत तर तशीच राहतात.

नेट गेलं तरी पान उघडावं म्हणून साइट ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर ही स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, बसवते. ती कॅश स्टोरेज या ब्राउझरमधल्या साठ्यात पानं ठेवते. सर्व्हरनं पानाला ‘नो-स्टोअर’ (साठवू नका) ही सूचना लावलेली असली तरी हा साठा ती पाळत नाही. काय ठेवायचं ते प्रोग्रामरच्या हातात. त्याहून वाईट म्हणजे साइटमध्ये एक्सएसएसची, म्हणजे बाहेरच्याला पानात आपली स्क्रिप्ट घुसवता येईल अशी, फट असेल, तर घुसलेली स्क्रिप्ट या साठ्यातली फाइलच बदलू शकते. मग सर्व्हरवर फट बुजवली तरी त्या कॉम्प्युटरवर बिघडलेलीच फाइल उघडत राहू शकते. ऑफलाइन साठ्याची जुनी सोय असलेलं ॲपकॅश 2021 पर्यंत क्रोममधून गेलं, पण साठ्याचा धोका त्याच्यासोबत गेला नाही.

साफसफाईत नेहमीची चूक ही: कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर टिक करतात. ऑफलाइन साठा आणि सर्व्हिस वर्कर ‘कुकीज अँड अदर साइट डेटा’त येतात. ती टिक हवीच, आणि वर वेळ ‘ऑल टाइम’.

रोज एवढं कोण करणार? म्हणून गेस्ट मोड: क्रोमचं तात्पुरतं प्रोफाइल, ज्याच्या सगळ्या विंडो बंद केल्या की त्यातलं लॉगिन आणि साठा आपोआप पुसला जातो. उजवीकडं वर प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून गेस्ट निवडायचं. इन्कॉग्निटोपेक्षा (क्रोमच्या खाजगी विंडोपेक्षा) हा बरा, कारण केंद्रचालकाचे सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क इथं दिसतच नाहीत. मात्र गेस्टच्या सगळ्या विंडो मिळून एकच सत्र असतं. एक जरी उघडी राहिली तरी आधीच्या माणसाचं लॉगिन आणि साठा पुढच्याला मिळतो. दर माणसामागं सगळ्या बंद करा, टॅब बंद करून भागत नाही.

उतरवलेली पीडीएफही गेस्ट मोड पुसत नाही. पावती छापून झाली की डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. मोबाइलच्या क्रोममध्ये गेस्ट मोड नाही, तिथं इन्कॉग्निटोच.

केंद्रासाठी पाचपैकी चार. एक तारा कापला तो उघड्या राहिलेल्या विंडोबद्दल क्रोम ठळक इशारा देत नाही म्हणून.