जादा प्रोब पावसाळ्यात कुठे ठेवावेत: बल्बचे कपाट की सिलिका जेलचा डबा?

शिरोली, गोकुळ शिरगाव परिसरातील फाउंड्रींमध्ये, म्हणजे धातू ओतकामाच्या कारखान्यांत, साचे बनवायच्या मोल्डिंग वाळूतील ओलावा मोजणाऱ्या जादा प्रोबसाठी बल्ब लावलेले लोखंडी कपाट सोयीचे वाटते, कारण त्यात बरेच नग मावतात आणि हवा तो चटकन काढता येतो. मात्र बल्ब हवेतील पाणी काढून घेत नाही. तो तापमान वाढवून केवळ सापेक्ष आर्द्रता उतरवतो, त्यामुळे वीज गेली की कपाट थंड होते आणि कनेक्टरच्या पिनांवर दमटपणा परततो. हवाबंद डब्यातील सिलिका जेल बाष्प खरोखर शोषते, आणि नारिंगी दाणे हिरवे पडले की साधारण १२० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येतात. कोल्हापूरचा पाऊस पाहता माझा कौल डब्यालाच आहे, अर्थात झाकणाचे रबर धड असेल तर.

वाळूला चिकटपणा देणाऱ्या बेंटोनाइट मातीचा प्रोबवर बसलेला थर मात्र दोन्हीकडे सारखाच नडतो. तो ओला असतानाच फडक्याने पुसावा, कारण वाळल्यावर स्क्रू ड्रायव्हरने खरवडताना प्रोबच्या सिरॅमिकला चीर जाते. पुसलेला प्रोब पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात ठेवू नये, नाहीतर जेल त्यातच खर्ची पडते.