सीपॅप कपाटात, 'कवळी' तोंडात: नऊ महिन्यांनंतर

मला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो. आधी आकडा सांगतो, कारण तो माहीत नसताना यावरचं कुठलंच उपकरण विकत घेऊ नये. मागच्या वर्षी फेब्रुवारीत नागपुरात धंतोलीला स्लीप टेस्ट केली, एएचआय 22 आला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी 22 वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट होत होता. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. वय 47, वजन 82 किलो. रिपोर्टात आणखी एक ओळ होती, ती मी तेव्हा वाचलीच नाही: उताणं झोपल्यावर 38, कुशीवर 12.

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन, चार महिने वापरलं. मशीनला नावं ठेवणार नाही. ज्या रात्री मास्क टिकला, त्या सकाळी डोकं हलकं असायचं. पण अशा रात्री मोजक्याच. एप्रिलमध्ये कूलर लागला आणि घामाने मास्क घसरून हवा थेट डोळ्यांत. वादळ आलं की आमच्याकडे लाईट जाते, मशीन बंद पडतं, मी दचकून उठतो. जूनमध्ये मशीनच्या कार्डावरची वापराची नोंद पाहिली: रात्रीला सरासरी अडीच तास. बाकीची रात्र बिनउपचाराची.

मग जुगाड. बायकोने बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं वळलो की टोचायचा. ती ओळ आधी वाचली असती तर इथूनच सुरुवात केली असती. उपाय खोटा नाही, पण पंधरा दिवसांत खांदा धरला, आणि नंतर तर मी चेंडूवरच झोपायला शिकलो. ऑनलाइन 900 रुपयांचं गरम पाण्यात मऊ करून चावायचं माउथगार्डही आणलं. तिसऱ्या रात्री ते उशीखाली सापडलं.

ऑगस्टमध्ये दातांच्या डॉक्टरांकडून मापाचं डिव्हाइस करून घेतलं. वरच्या आणि खालच्या दातांसाठी दोन पारदर्शक साचे, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. खालचा जबडा पुढे धरून ठेवायचा, म्हणजे जीभ मागे पडून घसा बंद होत नाही. सगळं मिळून 28 हजार पडले. करण्याआधी त्यांनी हिरड्या, दाढा, जबड्याचा सांधा सगळं तपासलं. हलते दात किंवा कवळी असेल तर हे बहुधा जमत नाही. (माझ्या घरी मात्र याचं नाव कवळीच पडलंय. "अहो, कवळी घातली का?" ही आमची शुभरात्री.)

जबडा एकदम पुढे नेत नाहीत. मी 5 मिलिमीटरपासून सुरुवात केली. चिमुकल्या चावीने स्क्रूची एक खेच, म्हणजे पाव मिलिमीटर, मग चार-पाच दिवस थांबायचं. पहिले तीन आठवडे वाईट गेले. उशी लाळेने ओली, कानापुढे ठणका. आणि सकाळी उठल्यावर वरचे-खालचे दात जुळतच नाहीत. तर्री-पोह्यातले चणे दाढेखाली सापडेनात, जिभेने ढकलत बसायचो. आता उठल्यावर प्लास्टिकची एक छोटी पट्टी दहा मिनिटं चावून धरतो, मग दात जागेवर येतात. तरी वर्षानुवर्षं वापरलं तर चाव कायमचा थोडा बदलू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दर सहा महिन्यांनी दाखवायचं ते त्यासाठीच.

एक खास नागपुरी भानगड. हे साचे गरम पाण्यात वाकडे होतात, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी नऊलाच चटका देतं. एकदा नळाखाली धरलं आणि लगेच मागे ओढलं. आता माठातल्या पाण्याने धुतो. आईला हा प्रकार अजिबात मान्य नाही.

फरक? घोरणं दहा दिवसांत कमी झालं. पण घोरणं थांबलं म्हणजे श्वास थांबणं थांबलं असं नसतं, म्हणून डिसेंबरमध्ये डिव्हाइस घालूनच पुन्हा टेस्ट केली. एएचआय 7. सीपॅपवर 2 दिसायचा, हे खरं. पण ते 2 अडीच तासांपुरतं, हे 7 रात्रभर. दुपारी ऑफिसात डुलक्या येत नाहीत, रात्री दोनदा बाथरूमला उठणं संपलं.

माझ्या मेहुण्याचा एएचआय 54 आहे. तो माझं ऐकून मशीन सोडायला निघाला होता, त्याला मीच झापलं. तीव्र त्रासात आधी सीपॅपच. "ते नवीन इंजेक्शन घेऊ का?" हाही प्रश्न त्याचाच. टिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये स्लीप ॲप्नियासाठी मंजुरी मिळाली, पण ती लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र त्रास असलेल्यांसाठी. माझं वजन त्या गटात बसत नाही, त्याचं बसतं. त्याला डॉक्टरांकडे धाडलंय. जिभेच्या नसेला झटके देणारं इम्प्लांट तिकडे 2014 पासून मंजूर आहे, मला तितक्या लांब जायची गरज पडली नाही.

मशीन विकलेलं नाही, कपाटात आहे. डिव्हाइस सध्या 7 मिलिमीटरवर. आणखी दोन खेचा घ्यायचा माझा विचार होता, डॉक्टर म्हणाले इतक्यात नको, जबडा दुखेल. चावी बायकोने स्वतःच्या पर्समध्ये ठेवलीय.